दात लागलेला माल

८ जून, रविवार

आजपासून नोंद ठेवायची. विक्रोळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या सहीने बाहेर पडलेला एकही नग परत आला नाही. मार्चमध्ये रिटायर झालो तेव्हा खात्यातल्या पोरांनी एक कोरं रजिस्टर भेट दिलं. बायको प्रेमा म्हणाली होती, "ह्येचा आता काय करतलास?" आता उपयोग सापडला.

झालं असं की आज सोसायटीची सभा होती. मुलुंडला जंगलाच्या भिंतीला टेकून असलेली आमची चार मजली इमारत पाडून नवी होणार, हे नक्की झालं. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची. सेक्रेटरी देवदत्त पवईला कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, सभा चालवताना एक डोळा मोबाईलवर असतो. त्याने पडद्यावर नकाशा दाखवला. मागच्या बाजूला, जिथे आमचं कोशिंबाचं झाड आहे, तिथे गाड्या लावायची जागा. झाड तोडायची परवानगीही आलेली आहे. आणि भिंतीवर माकडं चढू नयेत म्हणून हलका झटका देणारी विजेची तार. तारेला टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. हे झाड मी छत्तीस वर्षं बघतोय. मार्चमध्ये त्याला नवी पालवी येते ती लाल असते, नवीन भाडेकरू तिला फुलं समजतात. मी म्हणालो, झाड वाचत नसेल तर त्याची पोरं तरी लावा. मागची दहा फुटांची पट्टी मोकळी सोडा, पन्नास रोपं मी देतो.

देवदत्त म्हणाला, "काका, मी नर्सरीत विचारलं होतं, कोशिंब मिळत नाही यार कुठे."

"नर्सरी हवीय कोणाला? याच झाडाची करतो."

"ठीक आहे. चौदा सप्टेंबरच्या सभेत पन्नास रोपं आणा, प्रत्येकाला निदान चार पानं. आणलीत तर पट्टी रोपांची. नाही आणलीत तर पार्किंग. लिहू?"

"लिही."

इतिवृत्तात माझ्या नावासकट लिहिलं गेलं: चंद्रप्रकाश घाडीगावकर यांनी शब्द दिला. शेकड्याने फळं धरणाऱ्या झाडाची पन्नास रोपं म्हणजे माझ्या हातचा मळ आहे. मी शंभर करणार आहे.

१४ जून, शनिवार

फळं पिकू लागली. सुपारीएवढी, मळकट पिवळी, वर कडक साल. आत पिवळसर गर, तोंडात टाकला तर डोळे मिटतील इतका आंबट, आणि गराच्या आत बी. रोज सकाळी सातला माकडांची टोळी येते. लाल तोंडाची, बावीस नग. अर्धी फळं खातात, अर्धी चावून खाली टाकतात. अशाने माल उरायचा नाही.

तपासणीची पद्धत ठरवली. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून गेज केलं. मोठ्या भोकातून जाईल आणि लहानातून जाणार नाही ते फळ पास. साल अखंड हवी. चीर, डाग, किडा असेल तर बाद. दात लागलेलं फळ किंवा माकडाने चोखून टाकलेली बी दिसली तर प्रश्नच नाही, सरळ निळ्या टबात. निळा टब म्हणजे रिजेक्ट. तो रोज रिकामा करायचं काम प्रेमाकडे दिलं आहे.

आज पास झाले चौतीस नग. टब मात्र भरला.

१६ जून, सोमवार

एकशेवीस पास माल जमला. गच्चीवर एकशेवीस काळ्या पिशव्या मांडल्या. अर्धी माती, थोडी वाळू, थोडं शेणखत. प्रत्येकीवर नंबर. प्रत्येक पिशवीत एक अखंड फळ, सालीसकट. देवाने जे पॅकिंग केलं आहे ते फोडायचा अधिकार आपल्याला नाही. कारखान्यातही सील फोडून माल पाठवला तर तो परत येतो.

प्रेमा पाणी घेऊन वर आली होती. बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावाक कोशिंब असात तर पोरां काय करीत..."

मी म्हटलं, "प्रेमा, क्वालिटीचं काम मला नको शिकवू." तिने बादली ठेवली आणि खाली गेली. कणकवलीजवळच्या एका वाडीतली ती, घराच्या मागे सगळं रान होतं. तिकडे झाडं आपोआप उगवतात, त्यामुळे पद्धतीचं महत्त्व तिला कळणं अवघड आहे.

२१ जून, शनिवार

सकाळी माकडांवर पहारा. एक मादी पोटाला पिल्लू धरून आमच्या कठड्यावर बसली. दोन्ही हातांनी फळ फोडते, नखाने साल काढते आणि गरासकट बी गालात कोंबते. एकामागून एक नऊ फळं मोजली. गाल इतके फुगले की तिला मान वळवता येईना. गालात पिशवीच असते म्हणे त्यांना. मग पंपरूमच्या छपरावर जाऊन बसली आणि सावकाश एकेक बी चोखून पुसल्यासारखी स्वच्छ करून थुंकत राहिली. नऊच्या नऊ. निव्वळ नासाडी.

प्रेमा दूध घेतल्यावर पिशव्या धुऊन साठवते आहे. भंगारवाल्याला द्यायच्या असतील. कामाची बाई आहे, निळा टबही रोजच्या रोज रिकामा असतो, मला एकदाही सांगावं लागलेलं नाही.

३ जुलै, गुरुवार

अजून एकही कोंब नाही. काळजी नाही. कोशिंब हे काही मेथी नव्हे.

जिन्यात देवदत्त भेटला. "काय काका, जंगल उगवलं?" मी म्हटलं, "सप्टेंबरात ये मोजायला." वॉचमन बाळा बाजूलाच होता, तो उगाच हसला. देवदत्तच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

१० जुलै, गुरुवार

खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. आज सतरा नंबरची पिशवी उकरली. फळ सालीच्या आत सडलेलं, पांढरी बुरशी, चिकट पाणी आणि मुंग्या. अठरा उकरली, तेच. चाळीसपर्यंत उकरली. मग खाली बसलो.

सगळा लॉट बाद. असा दिवस कारखान्यात कधी आला नाही. वास बोटांना राहिला आहे, साबणाने दोनदा हात धुतले.

पण कारणमीमांसा झाली की डोकं ताळ्यावर येतं. माती जड होती आणि पाणी जास्त झालं. शिवाय माकडांनी उत्तम माल आधीच पळवला, मला दुय्यम मिळाला. उपाय: माकडं बंद. दुसरा लॉट अव्वल घ्यायचा.

प्रेमाला सांगितलं. ती म्हणाली, "गर तसोच ठेवलास?" म्हटलं, "हो, तो बीचा आहार असतो." तिने भाजीची विळी पुढे ओढली.

१३ जुलै, रविवार

सर्वांत चांगल्या फांदीला जाळं बांधलं. बाळाला हाताशी घेऊन भिंतीजवळ फटाक्यांच्या तीन माळा लावल्या. माकडं अशी पळाली की पिल्लं मागेच राहिली असती. आता मोकळं मैदान.

प्रेमा खिडकीतून ओरडली, "त्यांनी तुमचा काय घेतला?" सगळ्या इमारतीने ऐकलं. दुपारी तिने जेवण वाढलं, पण मीठ विसरली, आणि ती कधी मीठ विसरत नाही.

२२ जुलै, मंगळवार

नऊ दिवस माकडं नाहीत. झाडाखाली पिकलेल्या फळांचा सडा पडतोय आणि तिथेच कुजतोय. माकडं गेल्यावर भरलेल्या दुसऱ्या लॉटच्या साठ पिशव्यांतल्या तीन उकरून बघितल्या. तीच बुरशी.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या जेनेव्हिव्ह मॅडम आल्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मूळच्या इथल्याच, नाहूरजवळच्या गावठाणातल्या, पन्नाशीच्या असतील. स्पष्ट बोलतात. दारातूनच म्हणाल्या, "घाडीगावकर, माझी माकडं कुठेयत? मी सहा वर्षं त्यांची नोंद ठेवतेय. तुम्ही फटाके लावलेत म्हणे."

मी माझी बाजू मांडली, गेज दाखवलं, पिशव्या दाखवल्या. त्या सगळं बघून कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "एक फळ आणा. पास झालेलं."

आणलं. "फोडा," म्हणाल्या. फोडलं, नख लावावं लागलं. "आता बीपासून गर काढा." तो निघेना. बोटाने ओढला, चिमटीत धरला, बी निसटून खाली पडली. "तोंडात घाला." घातली. मिनिटभर चोखल्यावर बी मोकळी झाली.

"आलं लक्षात? साल कडक, म्हणजे बोटं असलेला प्राणी हवा. चिमण्या-बुलबुल गेले बाहेर. गर बीला चिकटलेला, म्हणजे जागेवर खाऊन मोकळं होता येत नाही, गालात भरून न्यावं लागतं. दूर जाऊन चोखायचं, थुंकायचं. बी आईच्या सावलीतून सुटली, वर धुऊन स्वच्छ मिळाली. गर राहिला की बुरशी धरते, ते तुम्ही गच्चीवर सिद्ध केलंच आहे."

मी विचारलं, हे झाडाने ठरवलं कसं.

"ठरवलं नाही कोणी. ज्या झाडाचा गर सुटा होता त्याच्या बिया आईखालीच पडून मेल्या. ज्याचा चिकट होता त्याची पोरं दूरवर जगली. आणि माकडाकडून बघा. ज्याला हिरव्यात पिवळं-तांबडं चटकन दिसलं, ज्याच्या गालात चार फळं जास्त मावली, त्याचं पोट भरलं, त्याची पिल्लं जगली. लाखो वर्षं हेच. झाडं माकडं घडवत आली आणि माकडं झाडं."

"म्हणजे या दोघांची जोडी जमलेली आहे."

"जोडी नाही हो. एक झाड आणि एक माकड, असं लग्न नाहीये हे. चाळ आहे चाळ. उंबर, जांभूळ, टेंभुर्णी, इकडे माकडं, वटवाघळं, उदमांजरं, सगळे सगळ्यांवर टेकून उभे. तुम्ही त्यातला एक भाडेकरू फटाके लावून हाकललात."

त्या गेल्यावर मी बराच वेळ गेज हातात धरून बसलो. मी ज्याला रिजेक्ट म्हणत होतो तोच पास झालेला माल होता. तपासणी माझ्या आधीच झालेली होती, आणि तपासणारी मादी कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

२३ जुलै, बुधवार

सकाळी उठल्या उठल्या निळा टब बघितला. रिकामा. प्रेमाला विचारलं, जूनमधला माल कुठे टाकलास. ती म्हणाली, "टाकलंय." कुठे, म्हटलं. "मागे."

मागे म्हणजे कचऱ्याची गाडी येते तिथे. महिनाभराचा उत्तम, चोखलेला, धुतलेला माल कचऱ्यात गेला. मला राग आवरला नाही. म्हटलं, "एकदा विचारायचं तरी. तुला काय कळतं यातलं?"  ती कपबशा उचलून आत गेली.

माझंच चुकलं, टब रिकामा करायचा हुकूम माझाच होता. पण हे तिला सांगायला गेलो नाही.

२६ जुलै, शनिवार

झाडावरची फळं संपली. फक्त जाळ्यातली उरली होती, त्यातली बरी चाळीस निघाली. माकडं येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. मॅडम म्हणतात टोळी येऊरच्या बाजूला गेली आहे.

तेव्हा काम मी स्वतः केलं. दुपारी गच्चीवर छत्रीखाली बसून चाळीस बिया चोखल्या. पंधरानंतर दात आंबले, पंचविसानंतर जिभेला चव राहिली नाही, शेवटच्या दहा डोळे मिटून केल्या. गालात चारच मावतात. ती मादी नऊ भरत होती.

प्रेमा कपडे बघायला वर आली. मला बघून जिन्यातच उभी राहिली. पदर तोंडाला लावून परत खाली गेली. तिचे खांदे हलत होते. खूप दिवसांनी हसली. रात्री मऊ भात आणि गोडं वरण केलं, कारण दुसरं काही मला चावता येत नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

कोंब आले. चाळीसपैकी अकरा. मी स्वतः चोखून रुजवलेले अकरा. आज तीनदा गच्चीवर जाऊन आलो.

पण अकरा म्हणजे पन्नास नव्हेत. उरलेल्या बिया मऊ पडल्या आहेत, फार पिकलेला माल होता. या वर्षी आता फळ नाही आणि पुढच्या वर्षी झाड नाही. एकोणचाळीस रोपं मी आणायची कुठून? देवदत्त इतिवृत्त वाचून दाखवेल तेव्हा कसं उभं राहायचं, याचा विचार आज पहिल्यांदा केला.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. दरवर्षी गावी भावाकडे जातो. लग्नापासून एकदाही चुकलं नाही. यंदा प्रेमाच म्हणाली, "यंदा नको. झाडांक पाणी कोण घालतलो?" मला भरून आलं. माझ्या अकरा रोपांसाठी तिने गणपती सोडला. तिला बोलून दाखवता येत नाही, पण माझ्या कामाची किंमत तिला आहे.

हल्ली दुपारी तांदळाचं धुवण घेऊन खाली जाते. तिच्या नखांत माती असते. तुळशीचं काहीतरी करत असेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी पाणी आलं नाही म्हणून पंपरूमकडे गेलो. तिथे मी कधी जात नाही, ते बाळाचं काम. पंपरूमच्या मागे, भिंत आणि पत्र्याच्या मधल्या बोळात, दुधाच्या पिशव्यांच्या रांगा. प्रत्येक पिशवीत कोशिंब. वीतभर, ताठ, पानं चकचकीत. मोजली. परत मोजली. चौसष्ट. चारपेक्षा कमी पानं असलेलं एकही नाही. नंबर नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, गेज नाही.

बाळा मागे येऊन उभा राहिला. "काकींनी जूनमध्येच लावली. तुमचा तो निळा टब असायचा ना, त्यातल्या. मला म्हणाल्या, काकांना बोलू नको, चिडतील."

पहिला विचार काय आला तो लिहितो, लपवण्यात अर्थ नाही. पहिला विचार आला: शब्द पाळला गेला. दुसरा: ही माझीच आहेत, माझ्याच टबातली.

तेवढ्यात प्रेमा धुवणाचं पातेलं घेऊन आली. मला बघून थांबली. मी म्हटलं, "चांगलं काम झालंय. सभेत मांडतो."

"तुमी रिजेक्ट केलास," ती म्हणाली, "मगे ता माझा."

"बरोबर, बरोबर. पण देऊ ना सभेत?"

"बघू."

तिचं बघू म्हणजे होच असतं. आज शांत झोप लागेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

उद्याचं भाषण तयार. दोन पानं झालं आहे. सुरुवात कोशिंबाच्या महत्त्वापासून, मग माकडाचे गाल, मग माझे तीन लॉट, त्यातल्या चुका (मोकळेपणाने), मग निष्कर्ष. शेवटी एक वाक्य घातलं आहे: या कामी माझ्या पत्नीचेही मोलाचे सहकार्य लाभले. प्रेमाला वाचून दाखवलं. तिने लसूण सोलता सोलता ऐकलं आणि विचारलं, "त्या तारेचा काय ठरला?" म्हटलं, तो वेगळा विषय आहे, ते जूनमध्येच ठरलंय.

माकडं परत आली आहेत. मॅडमनी जिन्यात थांबवून सांगितलं. सोळाच मोजली त्यांनी. जूनमध्ये मी बावीस मोजली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

सभा दहाला सुरू झाली. खालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या, तेहतीस फ्लॅटची माणसं हजर. बाळाने आणि मी फळीवरून रोपं आणून समोर मांडली. माझी अकरा एका बाजूला, ती अजून बोटभरच आहेत. लोक उठून बघायला आले. देवदत्तने मोबाईल खिशात ठेवला, खाली बसून पानं मोजली आणि म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. झकास."

मग त्याने ठराव वाचला: श्री. चंद्रप्रकाश घाडीगावकर यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे तयार केलेली पन्नास रोपे सोसायटी स्वीकारीत असून मागील पट्टी... मी खिशातून भाषण काढलं. टाळ्या पडत होत्या. त्या थांबायची वाट बघत होतो.

मागच्या रांगेतून आवाज आला, "जरा थांबा."

प्रेमा उभी होती. छत्तीस वर्षांत सोसायटीच्या सभेत ती कधी बोललेली मी बघितलं नाही. खुर्चीची पाठ धरून उभी होती. "रोपां मी केलंय," ती म्हणाली. "देतंय मी. पण भिंतीवर तार नको."

कुजबुज झाली. देवदत्त नीटच बोलला, त्याला दोष देत नाही. "काकी, तारेचं आधी ठरलंय ना. माकडं घरात घुसतात. चौथ्या मजल्यावर त्यांनी फ्रिज उघडला होता."

"खिडक्यांक जाळयो लावा. दारां लावून घेवा. आमच्या वाडीत काय माकडां नाय? कौलां फोडतत, नारळ पाडतत. त्रास आसाच. पण तार लावशात तर ही पन्नास झाडां नुसती उभी रवतली. फळां धरतली, खाली पडतली, कुसतली. म्हातारी होवन मरतली, आणि त्यांच्या मागे एक पोर नाय. असली झाडां लावूक माका नाय व्हयी."

"आणि तार रद्द केली नाही तर?" देवदत्तने विचारलं.

"तर रोपां माझी आसत. मी देवचंय नाय."

सगळी सभा माझ्याकडे वळली. देवदत्त म्हणाला, "काका, तुम्ही समजवा ना त्यांना. शब्द तुमचा आहे. तुमच्या नावावर लिहिलाय."

नुसतं "प्रेमा, बस" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती बसली असती. आजवर बसत आली. रोपं स्वीकारली गेली असती, माझं भाषण झालं असतं आणि जूनपासून छातीवर असलेलं ओझं उतरलं असतं. ते दोन शब्द माझ्या जिभेवर होते, हे मी इथे कबूल करतो.

मी चौसष्ट रोपांकडे बघितलं. त्यातल्या एकाही बीला माझा हात लागलेला नव्हता. लागला होता तो फक्त बाद करण्यापुरता. जो माल मी केला नाही त्यावर माझी सही चालत नाही. एकतीस वर्षं मी हे दुसऱ्यांना सांगत आलो.

मी म्हणालो, "ही रोपं तिची आहेत. माझी ती अकरा, बोटभर. पन्नास मी देऊ शकलो नाही."

देवदत्तला कळेना. "म्हणजे काय लिहू?"

"चंद्रप्रकाश घाडीगावकर यांचा शब्द मोडला, असं लिही. आणि खाली नव्या ओळीवर प्रेमा घाडीगावकर यांची अट लिही. तिच्यावर मत घे."

"काका, एकदा इतिवृत्तात गेलं की मग..."

"माहीत आहे रे. लिही."

जेनेव्हिव्ह मॅडमनी अनुमोदन दिलं. बराच वाद झाला, चौथ्या मजल्यावरच्या बाई फ्रिजची गोष्ट पुन्हा सांगून गेल्या. मग हात वर झाले. एका फ्लॅटला एक मत, आमच्या फ्लॅटचं मत माझ्या नावावर आहे. मी हात वर केला आणि मोजणी होईपर्यंत खाली घेतला नाही. अटीच्या बाजूने अठरा, विरुद्ध पंधरा. तार गेली, पट्टी राहिली. देवदत्तने सगळं माझ्यासमोर लिहिलं आणि मी खाली सही केली.

भाषण खिशातच राहिलं. मी पाण्याची बादली घेऊन जिना चढत होतो, तेव्हा प्रेमा मागून म्हणाली, "तसा लिवूक कित्याक सांगितलास? माका बस म्हणाक व्हया व्हता."

मी म्हटलं, "खरं तेच लिहिलं."

ती दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली. मग म्हणाली, "तुमच्या त्या अकरातली चार जगतली. मिया बघितलंय. त्यांकाय लावूया पट्टीत." आणि माझ्या हातातली पाण्याची बादली तिने घेतली नाही, दुसऱ्या बाजूने कडी धरली. बादली दोघांनी मिळून वर आणली.

सोसायटीच्या दप्तरात माझ्या नावापुढे शब्द मोडला असं कायमचं लिहिलं गेलं आहे. माझ्या आयुष्यातला हा पहिला रिजेक्ट. सकाळपासून मी त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न करतोय आणि ते काही जमत नाही. उलट भूक लागली आहे आणि उगाच हसू येतंय. याचं कारण मला सापडलेलं नाही. उद्या जेनेव्हिव्ह मॅडमना विचारतो.